वाटेवरील माल आणि त्याचे साक्षी

व्यापाराच्या इतिहासांत जितकीं पानें सावकारांनीं लिहिलीं, तितकींच चोरांनीं लिहावयास लावलीं, असें म्हटल्यास तें फारसें चूक होणार नाहीं. तांडे आणि सार्थ, चौक्या आणि जकातनाकीं, मोहरा, बिल्ट्या, विमे, ह्या सर्वांच्या मुळाशीं एकच भीति आहे. दुकानांतील मालावर धन्याची नजर असते, शेतांतील पिकावर माळ्यावरच्या राखणदाराची असते. परंतु वाटेस लागलेला माल परक्याच्या हातीं, परक्या मुलुखांतून आणि बहुधा रात्रीं चाललेला असतो. त्या मधल्या काळांत त्याचें काय होतें, हें जाणण्यासाठीं माणसानें जीं साधनें योजिलीं त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. तो थोडक्यांत पाहण्याची इच्छा आम्हांस एका साध्या प्रसंगामुळें झाली.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपल्या पेढीवर नेलें. त्याच्या पदरीं तीस-पस्तीस मालमोटारी आहेत. कचेरींतील भिंतीवर एक मोठा पडदा होता व त्यावर देशाच्या नकाशांत लहान लहान ठिपके हळूहळू सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाडी. "सर, आतां चोराला लपायला जागा उरली नाहीं," तो आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगूं लागला. "गाडी कोठें आहे, किती वेगानें चालली आहे, मागचें दार उघडलें कीं काय, सगळें येथें बसल्या जागीं दिसतें." आम्हांस कौतुक वाटलें. परंतु बाहेर पडतांना ओटीवरील बांकावर पन्नाशीचा एक ड्रायव्हर मान खालीं घालून बसलेला दिसला. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या गाडीचा ठिपका एका घाटांत सुमारें दोन तास नाहींसा झाला होता. गाडी ठिकाणीं पोंचली तेव्हां सील शाबूत होतें. तरी मालाची मोजदाद पुरी होईपर्यंत माल घेणाऱ्यानें त्यास दोन दिवस गोदामांत बसवून ठेविलें. नग बरोबर भरले. पण पुढची खेप हुकली आणि तिचे पैसे बुडाले, ते बुडालेच. तो एवढेंच म्हणाला, "साहेब, डबा गप्प बसला, त्याचा जाब मला द्यावा लागला."

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. चोरी टाळण्यासाठीं बसविलेलें यंत्र मुकें झालें, तर त्याचें उत्तर कोणी द्यावयाचें? आणि यंत्र चोरास अडवितें, कीं चोरी झाल्याची केवळ साक्ष देतें? हे प्रश्न नवे वाटतात. परंतु तसे ते नाहींत.

गुजराथेंतील लोथल येथें १९५५ पासून डॉ. शि. रं. राव यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत सिंधुसंस्कृतीच्या काळची एक वखार उजेडांत आली. त्या वखारींत भाजून कठीण झालेल्या मातीचे अनेक मुद्रांकित गोळे सांपडले. त्यांच्या एका अंगावर मुद्रेचा ठसा आहे आणि दुसऱ्या अंगावर कापड, बोरू व दोरी यांचे वळ आहेत. म्हणजे माल बांधून गांठ मारावी, गांठीवर ओल्या मातीचा गोळा दाबावा आणि त्यावर धन्याची मुद्रा उमटवावी, अशी ती रीत होती. अशीच रीत मेसोपोटेमियांतहि होती. आतां हा मातीचा गोळा किती बळकट? एखादें पोरहि तो नखानें फोडील. परंतु त्याचें सामर्थ्य त्याच्या ठिसूळपणांतच होतें. गांठ सोडावयाची तर गोळा फुटणार, आणि फुटलेला गोळा पुन्हा तसाच उमटवावयाचा तर मुद्रा हवी. चोरास अडविणें हें त्या गोळ्याचें काम नव्हे. झालेली चोरी लपूं न देणें हें त्याचें काम. माल पाठविणारा आणि माल घेणारा यांच्यामध्यें बसलेला तो एक मुका साक्षी होता. आज बंदरावरील पोलादी पेट्यांच्या दारांस जो खिळ्याच्या आकाराचा, एकदां बसविल्यावर कापल्यावांचून न निघणारा आणि अंगावर निराळा क्रमांक असलेला बोल्ट-सील बसवितात, त्याचें तत्त्व ह्याहून निराळें नाहीं.

साक्षी मिळाला म्हणजे न्याय मिळतोच असें नव्हे. साक्ष ऐकणारा आणि तिजवरून नुकसानीचा भार कोणावर हें ठरविणारा कोणी तरी लागतो. ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत स्पष्टपणें मांडलेली कोठें दिसत असेल, तर ती कौटिलीय अर्थशास्त्रांत. हा ग्रंथ म्हैसूर येथील पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला आणि प्राचीन राज्यव्यवस्थेविषयींच्या पुष्कळ समजुती बदलल्या. त्यांतील शुल्काध्यक्षाचें प्रकरण आजच्या कोणत्याहि मालवाहतूकदारानें वाचावें असें आहे. नगरद्वाराजवळ सार्थ आला म्हणजे व्यापारी कोण, कोठले, माल किती आणि त्यावर ओळखीची मुद्रा प्रथम कोठें उमटली, हें लिहून घ्यावयाचें. मुद्रा नसल्यास दंड देय शुल्काच्या दुप्पट, आणि मुद्रा खोटी असल्यास आठपट. खोट्या मुद्रेस मुद्रा नसण्याहून चौपट दंड ठेवण्यांत मोठें मर्म आहे. साक्षी नसणें हा निष्काळजीपणा. साक्षीच खोटा उभा करणें हा व्यवस्थेवरील घाला.

त्याच प्रकरणांत आणखी एक मौजेची युक्ति आहे. सार्थाबरोबर व्यापाऱ्याच्या वेषांत एक हेर असावा आणि त्यानें मालाचें प्रमाण राजास आधींच कळवावें. राजानें तें शुल्काध्यक्षास सांगावें. आणि सार्थ आला म्हणजे शुल्काध्यक्षानें, अमुक व्यापाऱ्याचा अमुक माल इतका आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं, राजाचा प्रभाव पाहा, असें म्हणून सर्वांस चकित करावें. हेतु हाच कीं, राजास सर्व कांहीं कळतें अशी त्याची ख्याति व्हावी. २०१८ च्या एप्रिलपासून आपल्याकडे ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीचा माल हलवावयाचा तर सामान्यतः आधीं त्याचें ई-वे बिल काढावें लागतें, आणि रस्त्यांतील अधिकारी हातांतील यंत्रावर मालाचा सर्व तपशील पाहूं शकतो. फरक इतकाच कीं, हेराच्या जागीं व्यापाऱ्यानें स्वतःच दिलेली माहिती आली आहे.

परंतु कौटिल्याचें खरें मोठेपण ह्या युक्तींत नाहीं. सीमेवरील अंतपालानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण वर्तनी, म्हणजे मार्गकर, घ्यावा असें सांगून तो लागलीच पुढें म्हणतो कीं, वाटेंत जें हरवेल वा चोरीस जाईल तें त्यानें भरून द्यावें. सार्थ गांवांत उतरला तर आपल्या मालाचें मोल त्यानें सांगून ठेवावें. तो माल रात्रीं तेथून नाहींसा झाला तर गांवच्या स्वामीनें भरपाई द्यावी. दोन गांवांच्या दरम्यान गेला तर कुरणांचा अधिकारी जो विवीताध्यक्ष त्यानें. कुरणें नसतील तेथें चोरांच्या बंदोबस्तासाठीं नेमलेल्या चोररज्जुकानें. आणि तेंहि न जमल्यास आसपासच्या पांच वा दहा गांवांनीं. ह्या व्यवस्थेंत दोन गोष्टी जोडीनें चालतात. व्यापाऱ्यानें माल सांगावयाचा. आणि ज्यानें ती माहिती व तो कर घेतला, त्यानें जोखीमहि घ्यावयाची. माहिती एकाकडे आणि तोटा दुसऱ्याकडे, असा प्रकार तेथें नाहीं. सारीच राज्यें ह्याप्रमाणें चाललीं असें आमचें म्हणणें नाहीं. शास्त्र आणि व्यवहार यांत अंतर असावयाचेंच. तथापि विचार किती सरळ होता हें पाहण्यासारखें आहे.

हा विचार पुढें आपल्या महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत निराळ्या रूपानें दिसतो. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या रखवालदारीचें वर्णन आहे. चोरी झाली म्हणजे रामोशी, भिल्ल किंवा महार रखवालदारानें चोराचा माग काढावयाचा. तो माग शेजारच्या गांवच्या शिवेंत नेऊन पोंचविला म्हणजे जबाबदारी त्या गांवावर. त्यानें तो आणखी पुढें न्यावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें. गुजराथेंत हेंच काम पगी करीत. धुळींतील पाऊल, मोडलेली काडी, जनावराच्या खुराचा तिरपा ठसा, हीं त्यांचीं यंत्रें. आजचा नकाशावरील ठिपका म्हणजे तो जुना मागच होय. मात्र तो माणसाच्या पावलाऐवजीं उपग्रहांच्या संदेशांवरून निघतो. जुना माग जेथें थांबे तेथें एक गांव उत्तर देण्यास उभें असे. नवा माग थांबला तर तेथें कोण उभें आहे, हाच आमचा प्रश्न आहे.

मालाची वाहतूक धंदा म्हणून करणाऱ्यांतहि हीच नीति होती. आपल्याकडे हुंडेकरी नांवाचा जो वर्ग होता, तो एकरकमी मक्ता ठरवून माल ठरलेल्या ठिकाणीं पोंचविण्याचें पत्करी आणि वाटेंतील जकाती आपणच भरी. इंग्रजी अमलांत १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा आला. त्याच्या नवव्या कलमानें, माल हरवला वा बिघडला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी माल देणाऱ्यावर ठेविली नाहीं. धनी मालापासून दूर असतो. वाटेंत काय घडलें हें त्यास कसें ठाऊक असणार? ज्याच्या हातीं माल, त्यानेंच उत्तर द्यावें, हा शहाणपणा त्या कलमांत आहे.

येथपर्यंतच्या इतिहासांत चोर आणि राखणदार हे दोघेहि एकाच मुलुखांतले, एकमेकांस ओळखणारे होते. मोटार आली आणि हें चित्र पालटलें. रात्रींतून दोन-तीन जिल्हे ओलांडणाऱ्या गाडीचा माग कोणतें गांव काढणार? तेव्हां नवीं साधनें शोधावीं लागलीं. त्यांतील पहिलें मोठें साधन एका मालमोटारवाल्यानेंच काढलें. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनाचा माल्कम मॅक्लीन यानें २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' ह्या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. माल एकदां पेटींत भरला कीं ती पेटीच गाडीवरून जहाजावर आणि जहाजावरून गाडीवर जावी, मधें कोणी मालास हात लावूं नये, ही ती कल्पना. पैसा व वेळ वांचविणें हा तिचा मुख्य हेतु होता. पण तिचें एक फळ असें झालें कीं, धक्क्यावर खोकीं फोडून चार बाटल्या किंवा दोन तागे लांबविण्याची जी जुनी किरकोळ चोरी, ती पुष्कळच कमी झाली. मात्र चोरहि शिकला. आंतील चार बाटल्या काढतां येत नाहींत, तर सबंध पेटीच गाडीसह न्यावी, हें त्यानें ताडलें. किरकोळ चोरी मागें पडली आणि घाऊक चोरी पुढें आली.

घाऊक चोरीस उत्तर म्हणून आकाशाकडे पाहावें लागलें. १९८८ मध्यें क्वालकॉम ह्या अमेरिकन कंपनीनें 'ऑम्निट्रॅक्स' नांवाची व्यवस्था सुरू केली. तिच्यायोगें मालमोटारीची जागा कळूं लागली आणि चालकाशीं उपग्रहामार्फत निरोपांची देवघेव होऊं लागली. पुढें जी. पी. एस. ही व्यवस्था १९९५ मध्यें पूर्णत्वास पोंचली, आणि अमेरिकन सरकार नागरी वापरासाठींच्या तिच्या संदेशांत जी मुद्दाम अचूकता कमी करीत असे तें २००० च्या मे महिन्यांत बंद झालें. तेव्हांपासून रस्त्याच्या कोणत्या वळणावर गाडी उभी आहे, हें सांगणें स्वस्त आणि सोपें झालें. आपल्याकडेहि २०१७ मध्यें कारखान्यांतच बंद केलेल्या निर्यातीच्या पेट्यांसाठीं, रेडिओलहरींनीं वाचतां येणारें इलेक्ट्रॉनिक सील आलें. कोलकाता व हल्दिया बंदरांतून नेपाळास जाणाऱ्या पेट्यांवर २०१९ पासून असें सील बसूं लागलें कीं, तें वाटेंत कोणी तोडलें तर त्याची वर्दी तत्काळ जावी. २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आणि गाडी कोणत्या नाक्यावरून केव्हां गेली याचीहि नोंद आपोआप होऊं लागली. आंखलेल्या मार्गाभोवतीं यंत्रांत एक काल्पनिक कुंपण घालतां येतें. गाडी तें ओलांडून आडवाटेस लागली कीं कचेरींत घंटा वाजते.

हीं साधनें निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. गाडी पळविली गेली तर ती लौकर सांपडते. आणि सांपडण्याची भीति असली म्हणजे पुष्कळ हात आधींच आखडतात. परंतु त्यांच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. गाडींतील यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा ठरवितें आणि मग मोबाइलच्या जाळ्यांतून ती कचेरीस कळवितें. म्हणजे तें दोन प्रकारें मुकें होऊं शकतें : उपग्रहाचें ऐकूं आलें नाहीं तर, किंवा ऐकलेलें पुढें सांगतां आलें नाहीं तर. डोंगराच्या आड, बोगद्यांत, घाटांतील वळणावर दुसरा प्रकार नेहमीं घडतो. त्यांत चोरीचा संबंध नसतो. सीलाचेंहि तसेंच. कुशल चोर सीलास हातच लावीत नाहीं. तो दाराच्या बिजागऱ्यांचे किंवा कडीचे खिळे काढतो, माल उतरवितो आणि खिळे पुन्हा बसवून टाकतो. सील शाबूत, पेटी रिकामी! लोथलच्या मातीच्या गोळ्यासहि असा चोर भेटला नसेल असें नाहीं.

याहून मोठी गोष्ट अशी कीं, यंत्र ज्याच्यावर डोळा ठेवितें तो नेहमींच चोर नसतो. अमेरिकेंतील न्यूअर्कच्या विमानतळावर विमानांस उतरण्यास साह्य करणाऱ्या यंत्रणेंत व्यत्यय येऊं लागला. २०१२ मध्यें शोध घेतां उगम सांपडला तो शेजारच्या रस्त्यानें जाणाऱ्या एका मालवाहू गाडींत. तिच्या चालकानें उपग्रहाचे संदेश दाबून टाकणारें एक लहानसें यंत्र घेतलें होतें, आणि तें कशासाठीं? चोरीसाठीं नव्हे, तर मालकास आपला ठावठिकाणा कळूं नये म्हणून. त्यास ३१,००० डॉलरांहून अधिक दंड ठरविण्यांत आला. त्यानें केलें तें धोक्याचें होतें व बेकायदेशीर होतें यांत शंका नाहीं. पण अष्टौप्रहर आपल्यावर डोळा आहे ह्या जाणिवेनें एक साधा नोकर कोणत्या थरास गेला, हेंहि त्यांत दिसतें.

खरा चोर मात्र ह्या डोळ्यासमोरून राजरोस जातो. अलीकडे पाश्चात्त्य देशांत अशी चोरी बोकाळली आहे कीं, तींत कुलूप फोडावें लागत नाहीं. चोर प्रतिष्ठित वाहतूकदाराचें नांव, कागद आणि पत्ता उचलतो, कंत्राट मिळवितो, आणि गोदामांतील माणसें त्याच्या गाडींत स्वतःच्या हातांनीं माल भरून देतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत मेक्सिकोहून आलेल्या टकिला मद्याचे दोन ट्रक अमेरिकेंत असेच नाहींसे झाले. माल वाटेवर आहे असें मालकांस भासविण्यासाठीं स्थानदर्शक संदेशहि खोटे दाखविले गेले होते. हीच कौटिल्याची कूटमुद्रा! त्यानें तिला आठपट दंड कां ठेविला, हें येथें कळतें. अशा चोरीस उपाय घाटांत नाहीं, गोदामाच्या दाराशीं आहे : माल कोणाच्या हातीं देतों, हें कागदाबाहेर जाऊन, माणसास ओळखून, पडताळून पाहणें.

आतां जोखमीचा विचार करूं. १८६५ च्या कायद्याची जागा २००७ च्या रस्त्यावरील मालवाहतुकीच्या कायद्यानें घेतली, आणि २०११ च्या नियमांप्रमाणें, मालधन्यानें अधिक जोखीम आधीं ठरवून घेतली नसेल तर, वाहतूकदाराचें देणें सामान्यतः भाड्याच्या दसपटीवर थांबतें. वाहतूकदार बुडूं नये म्हणून ही मर्यादा असेल. तिच्यावर आमचा रोष नाहीं. परंतु व्यवहारांत असें होतें कीं, मालधनी विमा उतरवितो, वाहतूकदार मर्यादेआड राहतो, आणि उरलेला संशय खालीं खालीं उतरत जाऊन शेवटीं अशा माणसावर येऊन थांबतो, ज्याच्या हातीं चक्राखेरीज कांहींच नाहीं. त्याला वाटेंत गाडी उभी करण्यास उजेडाची, राखणीची जागा क्वचित् मिळते; झोंप येते ती रस्त्याच्या कडेला; आणि यंत्रांतील नोंद त्याच्याविषयींची असली तरी ती पाहण्याचा अधिकार त्यास नसतो. माहिती वरच्यांची, तोटा खालच्याचा. कौटिल्याच्या अंतपालानें सव्वा पण घेतला तर जोखीमहि घेतली. आमच्या काळीं जो सर्व कांहीं पाहतो, त्यानें पाहण्याबरोबर उत्तर देण्याचेंहि पत्करावें, एवढेंच मागणें आहे.

म्हणून आम्ही त्या दिवशीं पुन्हा आंत गेलों आणि आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, "घाटांतल्या त्या दोन तासांची नोंद यंत्रांत मागाहून तरी येते कीं नाहीं?" तो क्षणभर थांबला. असलीं यंत्रें पुष्कळदां मोबाइलचें जाळें नसतां आपली नोंद सांठवून ठेवितात आणि तें मिळतांच पाठवितात, हें त्यास ठाऊक होतें. पण कोणी पाहिलें नव्हतें. त्यानें नोंद उघडली. गाडी ते दोन्ही तास एकाच वळणावर उभी होती. मागचें दार उघडलें नव्हतें. ड्रायव्हरनें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें तेंच : चढावर इंजिन तापलें, म्हणून गाडी निवेपर्यंत थांबलों.

साक्षी मुका नव्हता. त्यानें आपली साक्ष वेळेवर देऊन ठेविली होती. ती ऐकण्याची कोणास गरज वाटली नव्हती. आमचा विद्यार्थी उठून बाहेर गेला. त्यानें त्या माणसास "काका, आंत या" म्हणून बोलाविलें, पडद्यासमोर खुर्चीवर बसविलें आणि ती नोंद त्यास दाखविली. बुडालेल्या खेपेचे पैसे त्यानें दिले कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. तें विचारणें गुरूच्या अधिकाराबाहेरचें होतें. पण ड्रायव्हर बराच वेळ त्या पडद्याकडे, त्या एका वळणावर थांबलेल्या ठिपक्याकडे पाहत होता.